हॅन्डलवरचा नंदादीप

“आधी बॅटरीच्या टोकांना मीटर लाव, मग देवाला हाक मार!” आयटीआयतले सावळीराम सर वर्गात ओरडायचे. पंधरा वर्षं झाली, हर्षालीच्या कानात तो आवाज अजून घुमतो. नुसताच घुमतो, ती ऐकते असं नाही.

ऐकलं असतं तर सातपूरच्या कारखान्यात दिवसभर मीटर धरून दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या या बाईने, स्वतःची मोटारसायकल बंद पडल्यावर आधी लिंबू उतरवलं नसतं. लिंबानंतर तिने नवी बॅटरी घातली. तीही उतरली, तेव्हा कुणाला न विचारता बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर बदलला. गाडीला किक नाही; बटण दाबलं की नुसतं ‘टक्’.

एरवी तिने सोसलं असतं. पण गंगापूर गावात तिचे वडील केरूअण्णा एकटे राहतात आणि त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला सहाच दिवस झाले होते. हात थरथरतो, औषधाचा थेंब गालावर पडतो. दुपारी-संध्याकाळी शेजारच्या गोजराबाई घालतात, पण सकाळी सहालाच त्या बागेत कामाला जातात. “सातचा थेंब माझा,” हर्षालीने शब्द दिला होता. आज गाडी अडली आणि तो नऊला पडला. अण्णांचा डोळा लालभडक दिसत होता. वेळ चुकवाल तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

संध्याकाळी ती गाडी ढकलत शेखरच्या गॅरेजात गेली. त्याने मीटर लावलं.

“अकरा पॉइंट तीन व्होल्ट. ताई, बॅटरीलाही उपास धरायला लावलात का?”

त्याने दुसरी बॅटरी जोडून गाडी सुरू केली, रेस वाढवली. काटा चढला. “चौदा पॉइंट दोन. चार्जिंग ठणठणीत आहे की! हा रेग्युलेटर नवा दिसतोय, जुना कुठाय?”

“टाकला.”

“बिचारा. काय गुन्हा होता त्याचा?”

शेखरने गाडी बंद केली, चावी काढली आणि हॅन्डलकडे बघतच राहिला. तिथे दत्ताची छोटी तसबीर होती आणि तिच्यापुढे पिवळा दिवा मंद तेवत होता.

“हा चावीशिवाय कसा जळतो?”

“नेम आहे माझा. श्रावणभर देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही. घरात समई, गाडीवर हा. थेट बॅटरीलाच जोडलाय मी.”

“म्हणजे रात्रभर…”

“रात्रभर,” ती इतक्या हळू म्हणाली की शेखरला वाकावं लागलं.

“आणि सकाळी गाडी चालवता दहा मिनिटं! तेवढ्यात काय भरणार तिचं पोट? कारखान्यात कुणी अशी वायर जोडली असती तर?”

“लाल शिक्का मारला असता.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा दिवा तिने जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या विभागाला दाखवला होता. अगदी नम्रपणे, पण एकालाही न वगळता. घरच्या समईत निदान तेल तिचं होतं. इथे मात्र अण्णांचा डोळा जळत होता.

तिने कान धरले, पकड मागून घेतली आणि स्वतःच वायर तोडली.

“बॅटरी उद्या दहापर्यंत भरेल,” शेखर म्हणाला. “माझी गाडी दिली असती, पण भाऊ ती घेऊन नामपूरला गेलाय.”

“रिक्षा?”

“उद्या श्रावणी सोमवार, ताई. झाडून सगळ्या त्र्यंबकच्या भाड्याला.”

पहाटे साडेपाचला हर्षालीने पायात बूट घातले. रोजचा पोथीचा अध्याय राहिला होता. “आल्यावर वाचते,” ती देवाला पुटपुटली. मग शेजारीपाजारी जागे होऊ नयेत म्हणून फाटक अलगद लोटलं आणि ती गंगापूरच्या रस्त्याला पायीच लागली.