दंतवैद्यांच्या कोटावरचा बाण

मला फुटबॉल आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे काही करून ठेवलं त्याचं खापर निदान आवडीवर फुटणार नाही.

आमचं कोट-पँट शिवायचं दुकान आहे. वडिलांच्या मागे ते मी चालवते. कुठल्याशा मैदानावर बावीस धडधाकट माणसं एका चेंडूमागे धावतात, त्याच्याशी या दुकानाचा काडीचा संबंध नाही. पण दर चार वर्षांनी जागतिक स्पर्धा आली की महिनाभर इथे कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. यंदा आमचा देश पात्रता फेरीतच गाशा गुंडाळून घरी आला, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. कसलं काय. घरचा संघ नाही म्हटल्यावर सगळ्यांनी परके संघ दत्तक घेतले, आणि सख्ख्या लेकरासाठी भांडावं तसे त्यांच्यासाठी भांडू लागले.

दुकानात आम्ही चौघं. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, कटर आहेत. कापड आखणं आणि कापणं ही दोन्ही कामं गेली एकेचाळीस वर्षं त्यांचीच, आणि मधलं मोठं टेबलही त्यांचंच. त्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तर ते बोलत नाहीत, नुसते कपाकडे बघत राहतात, आणि कप ठेवणारा आपोआप तो उचलतो. कोपऱ्यात इस्त्रीवाला असतो. खिडकीशी काज-बटणं करणारी मावशी बसते. ती कुणाचीच मावशी नाही, पण सगळ्यांना दटावते. चौथी मी. मापं घेणं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं आणि बाकीच्या तिघांची बोलणी खाणं हे माझं काम.

आम्ही संघांना देशांच्या नावाने ओळखत नाही, शर्टाच्या रंगाने ओळखतो. ती धंद्याची खोड आहे. आणि कोचची पारख तर आमच्याकडे एकाच गोष्टीवरून होते, ती म्हणजे त्याच्या अंगावरचा कोट. बाहेर लोक डावपेचांवर वाद घालतात. आमच्याकडे निळ्यांचा कोच मैदानाच्या कडेला उभा राहिला की काका मान हलवून सांगायचे, बाही बोटभर लांब आहे, हे बचावात मार खाणार. आणि निळे बचावात मार खायचे. पिवळ्यांच्या कोचने खालचं बटणसुद्धा लावलं होतं. मावशी म्हणाली, ज्याला कुठे मोकळं सोडावं कळत नाही त्याची पोरं काय पळणार. पिवळे पहिल्याच फेरीत गेले. इस्त्रीवाल्याला मात्र पँटच्या घडीपलीकडे काही दिसत नाही. घडी सरळ तर माणूस सरळ, एवढंच त्याचं शास्त्र.

खरी जुंपली ती हिरव्यांच्या कोचवरून. काकांनी हिरवे दत्तक घेतले होते, कारण त्यांचा कप्तान अडतीस वर्षांचा होता आणि सोळा वर्षं त्याच संघातून खेळत होता. कोचने त्याला पहिल्या सामन्यापासून बाकावर बसवलं. इस्त्रीवाल्याच्या मते ठीकच केलं, पाय चालत नसले तर नाव काय चाटायचंय. त्यातून त्या कोचच्या पँटची घडी सुरीसारखी. काकांचं म्हणणं, त्याच्या कोटाला डाव्या खांद्यावर चुणी आहे, आणि ज्याला स्वतःच्या खांद्यावरची चुणी दिसत नाही त्याला दुसऱ्याचं वय बरं दिसतं. पण शेवटी ते दर वेळी एकाच मुद्द्यावर यायचे. कप्तानाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने भिंतीवर लावलेली यादी वाचली, त्यात आपलं नाव नाही हे पाहिलं आणि तेव्हा त्याला कळलं. पेपरात तसं आलं होतं. काका म्हणायचे, बसवा ना, कोण नाही म्हणतंय, पण तोंडावर सांगा.

हे ऐकलं की मी उगाच मापांची वही उघडून बसायची, कारण काकांना कात्री खाली ठेवायला सांगायचं काम माझ्यावर येऊन पडलं होतं.

त्यांची नजर अधू झाली होती. दोन महिन्यांत एक कॉलर आखूड झाली, एका वकिलाच्या दोन बाह्या दोन मापांच्या निघाल्या. वकील भला माणूस, त्याला वाटलं आपलाच हात लांबला. चष्मा बदलून झाला, डॉक्टर झाले. यापुढे एवढंच दिसेल असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. काकांना घरी फक्त एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक रिकामी खोली आहे. ते टेबल काढून घेतलं तर त्यांचं काय उरतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तोंड उघडत नव्हते. स्पर्धा संपू दे, मग सांगू, असं मी स्वतःला बजावलं होतं. त्याआधी दुकानाचं दिवाळं निघू नये म्हणून एक चोरटा उपाय चालवला होता. दुपारी जेवण झालं की काका अर्धा तास खुर्चीत डोळे मिटून पडतात. तेवढ्यात मी त्यांनी आखलेल्या रेघा मापाशी ताडून बघायची, चुकली असेल ती ब्रशने पुसायची आणि बोटभर सरकवून नवी ओढायची. काका उठायचे आणि त्या रेघेवर कापायचे. महिनाभर एकही कपडा बिघडला नाही. मी स्वतःवर खूश होते. मला तेव्हा कुणी खडसावायला हवं होतं.

सेमीफायनलच्या दिवशी दुपारी दोनला दुकानातल्या टीव्हीवर हिरवे आणि पांढरे समोरासमोर आले. टेबलावर एका दंतवैद्यांच्या कोटाचं करडं कापड पसरलं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, परवा ट्रायल. पुढचे भाग कापून झाले होते, पाठ राहिली होती. पाठीसाठी कापड दुहेरी घालून काकांनी आखून ठेवलं होतं, आणि मी नेहमीप्रमाणे त्यांच्या रेघा सुधारून ठेवल्या होत्या.

हाफटाइमला एक-एक गोल झाला होता. इस्त्रीवाला म्हणाला, कप्तान नाही तेच बरं, असता तर अजून मधल्या वर्तुळात चालत असता. काका म्हणाले, तो चालत असता पण चेंडू पळाला असता. मावशी म्हणाली, दोघेही गप्प बसा, मला दोरा ओवायचाय. कोण कुठून कुठे धावतो यावरून इतका गोंधळ झाला की माझं डोकं फिरलं. फुटबॉल न आवडणाऱ्या मी खडू उचलला आणि टेबलाकडे गेले. इथे बचाव, इथे मधली फळी, असे करड्या कापडाच्या कडेच्या पट्टीवर ठिपके काढले. इथे बाक. मग बाकापासून थेट गोलपर्यंत एक लांब वळणदार बाण ओढला, चांगला दाबून, ठसठशीत टोक काढून. एवढं अंतर अडतिसाव्या वर्षी धावायचं म्हणजे चेष्टा आहे का, असं मी विचारलं. कोच बरोबर आहे, असंही वर सांगितलं.

मावशीने सुई खाली ठेवली. काका माझ्याकडे बघत होते, आणि मला समजलं की मी कप्तानाविषयी बोलले असं या दुकानात कुणालाच वाटलेलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराशी गिऱ्हाईक आलं. मी सुटले. एका जाड्या गृहस्थांच्या कमरेचं माप घेता घेता, तो बाण कडेच्या पट्टीवरून सरळ पाठीच्या मधोमध गेलाय, आणि पुसायचा राहिलाय, हे मला आठवलं. टेप तसाच त्यांच्या कमरेला सोडून मी आत धावले.

काकांना चैन पडेनासं झालं की ते कापायला घेतात. त्यांनी घेतलं होतं. मघाशी टीव्हीपाशी बसून त्यांना माझं बोलणं ऐकू आलं होतं, हातातला खडू दिसला नव्हता. दंतवैद्यांच्या पाठीतून कमरेपासून डाव्या खांद्यापर्यंत सुंदर वळण घेत कात्री गेली होती. बाणाचं टोकसुद्धा त्यांनी दोन्ही बाजूंनी सुबक कापलं होतं. कापड दुहेरी होतं, त्यामुळे बाणही दोन झाले होते.

इस्त्रीवाल्याने तोंडावर हात ठेवला. मी ओरडणार होते. ओरडायचा मला चांगला सराव आहे. पण काकांनी आधी विचारलं, "काय झालं? मला वाटलं, पाठीला चीर दिलीस. दातांचे डॉक्टर हौशी आहेत म्हणाली होतीस ना."

"काका, ही चीर आहे? खांद्यापर्यंत?"

"हल्ली काय काय घालतात." त्यांनी कापडावरून बोट फिरवलं, टोकापाशी थांबले, आणि त्यांना ते काय आहे हे कळलं. "महिनाभर तुझ्याच रेघेवर कापतोय गं. आज म्हटलं, हिने आखलंय म्हणजे काहीतरी असेल."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मी खडू हलका ओढतो. तू दाबून ओढतेस. बोटाला लागतं ते." मग आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, "वाट बघत होतो. म्हटलं आज सांगेल, उद्या सांगेल."

मला लाज वाटली. एकेचाळीस वर्षं ज्याने कुणाच्या रेघेकडे ढुंकून पाहिलं नाही, तो माणूस महिनाभर पुतणीच्या चोरून ओढलेल्या रेघांवर मुकाट्याने कापत होता, आणि मी मात्र त्यांना फसवल्याच्या आनंदात घरी जाऊन शांत झोपत होते. माया म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले होते. खरं तर मला त्यांच्या डोळ्यांत बघून बोलायची भीती वाटत होती.

आता भीती वाटून उपयोग नव्हता. उरलेल्या कापडातून पाठ एकदाच निघणार होती, तीही जेमतेम, आणि परवा ट्रायल होती. मी म्हटलं, "काका, ही पाठ मी कापणार. आणि यापुढेही मीच कापेन. तुम्हाला दिसत नाही आता."

इस्त्रीवाला घड्याळाकडे बघायला लागला. मावशीने दुसरीकडे तोंड फिरवून नाक पुसलं. काकांनी अंगठ्यातून कात्री काढली, ती मूठ माझ्याकडे करून टेबलावर ठेवली, आणि टीव्हीसमोरच्या स्टुलावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले.

पुढच्या खोलीतले गृहस्थ कमरेला टेप बांधून अजून उभे आहेत असं मावशीने सांगितलं, तेव्हा मी तिलाच त्यांना सोडवायला पाठवलं. मग कापड घातलं, आखलं, तीनदा मोजलं. कात्री लावण्याआधी चौथ्यांदा मोजलं. कापणं मला येतं, वडिलांनी आणि काकांनीच शिकवलंय, पण सुधारायला मागे कुणी नसताना मी कधी कापलं नव्हतं.

मागे दुसरा हाफ चालू होता. हिरव्यांनी दुसरा गोल केला. कप्तान बाकावरून उठलाच नाही, त्याची गरजच पडली नाही. कोचने दोन्ही हात वर केले तसा त्याचा कोट कानापर्यंत चढला. डाव्या खांद्याची चुणी एकदम ठळक दिसली. इस्त्रीवाल्याने आशेने काकांकडे पाहिलं. त्या कोटावर काका बोलले नाहीत, त्यावरून मला कळलं त्यांना किती लागलंय. माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरलेले असताना करड्या कापडावरची पांढरी रेघ कुणालाच दिसत नाही.

मी मुंढ्याशी आले होते. बाही जोडतात तिथली ती गोलाई, कोटातली सगळ्यात अवघड जागा. एक क्षण थांबले, पापण्या मिटून उघडल्या, आणि पुढे गेले. पाठ कापून झाली. कात्री ठेवली. कुणाला काही कळलं नव्हतं.

"मुंढ्याला थांबलीस," काका म्हणाले. मान वळवली नव्हती. समोर टीव्हीवर लोक नाचत होते. "थांबून पुन्हा निघालीस तेव्हा कात्रीचा आवाज बदलला. आत गेली असशील, पाव इंच. शिवणीत सांभाळता येईल, फाडू नकोस."

मी टेप लावला. पाव इंच होतं, ना धागाभर कमी, ना धागाभर जास्त.

इस्त्रीवाला, मावशी आणि टेपातून सुटलेले ते गृहस्थ, तिघेही दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. मला खूप काही म्हणायचं होतं, माफी मागायची होती, पण मला गोड बोलता येतं ते फक्त गिऱ्हाइकांशी.

"मग तिथे बसून काय ऐकताय," मी म्हटलं. "टेबलाशी या. अजून अस्तर कापायचंय."

ते लगेच उठले नाहीत. आधी त्यांनी टीव्ही बंद केला.