स्टिअरिंगवरचं बोट

व्हर्ना हॅस्केटला कुणी फसवलेलं खपत नसे, आणि सगळे आपल्याला फसवायलाच टपलेत असं तिला वाटे. मग संशयाला काय तोटा! अमेरिकेतल्या ऑरेगनच्या माळरानातल्या एका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार पाच सभासद बघत; त्यातली ती एक. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये बेघरांसाठी हिवाळी निवारा चाले. त्याला सरकारी पैसा द्यायचा की हॉलला कुलूप लावायचं, यावर दुपारी मतदान होतं. दोघे इकडे, दोघे तिकडे, उरली व्हर्ना.

"आपल्यातलं कोण बेघर आहे गं?" ऑरिन नावाचा सभासद सकाळी फोनवर म्हणाला. "शहरवाले बस भरभरून पाठवतात. आणि आपण खुळ्यासारखे त्यांना सूप पाजतोय!"

तिच्या मनात पाल चुकचुकत होतीच. ती गाडी काढून थेट हॉलच्या रस्त्याला लागली. तिची पारख साधी होती. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं, ओळख असो नसो, ही इथली रीत. आपला माणूस बोट उचलणारच. परका थोबाड वळवून निघून जाणार.

निवारा फक्त रात्रीपुरता; सकाळी सगळ्यांना बाहेर पडावं लागे, आणि फाटकातून त्यांची एकेक गाडी निघत होती. व्हर्ना प्रत्येकीला बोट उचलत होती आणि समोरच्या बोटांवर डोळा ठेवून होती. चेहरे बघतंय कोण! एकही बोट हललं नाही. एक तपकिरी गाडी तशीच पुढे गेली, आणि तिच्यामागच्या, शेवटच्या हिरव्या पिकअपवाल्याने तर टोपी नाकापर्यंत ओढली.

"उपरे मेले!" ती पुटपुटली. राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

सभेत तिने ठासून सांगितलं, "मी स्वतः बघून आलेय. एकानेही बोट उचललं नाही. त्यातलं कुणी इथलं नाही!" ऑरिनने खूश होऊन टेबल वाजवलं.

मग लोकांनी बोलायची वेळ आली. एक वाकलेला म्हातारा माईकपाशी आला. इथे आधी नाव आणि राहण्याचं ठिकाण सांगावं लागतं.

"वेंडेल क्रे," तो म्हणाला. "राहायला, जत्रेच्या मैदानावरचा हॉल."

व्हर्नाने झटकन वर पाहिलं. वेंडेल! तिच्या घोड्यांना वर्षानुवर्षं नाल ठोकणारा. वणव्यात त्याचं घर गेलं, तेव्हा तो मुलीकडे गेला असेल असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"हिरव्या पिकअपमध्ये मीच होतो, व्हर्ना. बोट उचललं असतं तर तू थांबली असतीस. 'वेंडेल, इथे रे कुठे?' म्हणाली असतीस. काय सांगणार होतो तुला?"

"अरे, पण मला एका शब्दाने..."

"लाज वाटते गं. माझ्या पुढच्या गाडीतल्या बाईलाही वाटली. तिचं नाव नाही घेत. तू ओळखतेस तिला."

ऑरिनने घसा खाकरला. "हा एखादा असेल, पण बाकीचे..."

"गप बस रे ऑरिन!" व्हर्ना म्हणाली. मतदानात तिचा हात वर गेला आणि निवारा वाचला. तिला मात्र मान वर करवत नव्हती.

घरी निघाली तेव्हा अजून उजेड होता. समोरून, हॉलकडे रात्रीच्या मुक्कामाला निघालेली, सकाळचीच तपकिरी गाडी आली. व्हर्नाने बोट उचललं, आणि या खेपेला चेहरा पाहिला. दर रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसून गाणारी लुसिल होती.

लुसिलने मान वळवली.