कणीचं रडणं

कुमुदताई डिसेंबरात गेल्या, आणि फेब्रुवारीत कणी रडायला लागली.

उल्हासराव हे येईल-जाईल त्याला सांगत. फोनवर नागपूरच्या भावाला, दूधवाल्याला, फाटकाशी थांबलेल्या शेजारच्या सत्यवतीजींना. ''आत्ता कुठे कळलं तिला, की कुमुद परत येत नाही. दाराशी जाऊन हाका मारते. काल तर जमिनीवर गडबडा लोळून राहिली होती, भाभी.''

सत्यवतीजी पदर डोळ्यांना लावत. ''बेजुबान है भाईसाहब, पर समझती सब है.''

विनता हे आतून ऐकायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. तिला अजून रडू आलं नव्हतं. ग्वारीघाटावर नदीत अस्थी सोडताना नावाड्याशी ठरवणं, गुरुजींना काय हवं-नको बघणं आणि बाबांचा तोल सांभाळणं यातच ती दुपार गेली. त्यानंतर तेरावं, मग आईची कपाटं. रडायचं राहूनच गेलं, आणि राहिलेलं काम कधी करायचं हे तिला समजेना. मांजरीचा तिला थोडा हेवाच वाटे.

तसा कणीचा हक्क मोठा होता. ऑगस्टच्या पावसात आईनेच तिला नालीच्या कडेवरून उचलून आणलं होतं. डोळे चिकटलेले, अंगावर चिखल, आणि जीव तांदळाच्या कणीएवढा. आईने ड्रॉपरने दूध पाजून तिला वाढवलं. पुढे स्वतःला अंथरुणातून उठवेना, तेव्हाही कणी तिच्या कुशीत झोपायची.

रडण्याचं एक वेळ ठीक होतं, पण कणीने खाणं टाकलं आणि तिच्यासोबत उल्हासरावांनीही. दुपारी ते आधी तिची ताटली बघायला जात. ती भरलेली दिसली की स्वतःचं ताट बाजूला सारत.

''ती पाहा, तोंड लावत नाही. माझ्या घशाखाली कसं उतरेल?''

''बाबा, दोन घास तरी.''

''ठेव झाकून.''

झाकलेलं तसंच राही. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरू लागली होती, सकाळी उठताना त्यांना पलंगाची कड धरावी लागे. विनताने पुण्याच्या बँकेतली रजा दोनदा वाढवली होती, आता आणखी मिळणार नव्हती. या माणसाला असं सोडून गाडीत बसायचं कसं?

एका सकाळी त्यांनी चहासुद्धा अर्धा ठेवला. विनताने भाजीची झाकणाची टोपली काढली, तळाशी टॉवेल घातला आणि ओरडणाऱ्या कणीला आत कोंबलं.

''काहून त्रास देते तिला? दुःखाला औषध असते काय?''

''दाखवून तर आणते. चलता?''

''मी नाही येत.''

घमापुरात जनावरांच्या डॉक्टर समिधा बसत. तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कणीचं पोट चाचपलं, ताप पाहिला, मग पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला. कणीने लगेच पुढचं अंग टेबलासरसं केलं, मागचं उंच धरलं आणि मागचे पाय जागच्या जागी आपटू लागली.

समिधा हसल्या. ''कब से चल रहा है?''

''तीन आठवडे. मधे थांबली होती, परत सुरू झालं. माझी आई गेली. हिला तिनेच वाढवलं होतं, म्हणून...''

डॉक्टरांचं हसू विरलं. त्यांनी सावकाश हातमोजे काढले. ''दीदी, घरी आजी मराठी बोलायची, मला समजते सगळी. बोलताना गडबड होते. ही रडून नाही राहिली. बुला रही है. बोक्याला. दिन बड़े होने लगते हैं ना, तर हे सुरू होते. खाणं पण कमी होते. पिल्लू नाही राहिली आता, मोठी झाली.''

विनता टेबलावरच्या मांजरीकडे बघत राहिली. लांब झालेले पाय, भरलेला चेहरा. हे कधी झालं?

''ही थोडी शांत झाली की नसबंदीचं ऑपरेशन करून घेऊ. पर सर ने नहीं पहचाना?'' समिधांनी केसपेपरवरच्या उल्हासरावांच्या नावावर बोट ठेवून विचारलं. ''बारावीला बायोलॉजी त्यांनीच शिकवली आम्हाला. पूरा चक्र बोर्ड पर बनाते थे, रंगीन चॉक से.''

परत येताना ऑटोत विनताच्या मनात आलं, सांगूच नये. अशक्तपणा आहे म्हणावं, एखादं टॉनिक दाखवावं. घरात आईसाठी कोणीतरी रडतंय एवढाच बाबांना आधार होता. तोही काढून घ्यायचा? पण मग जेवणाचं काय? टोपलीतून कणी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी बोंबलत होती.

उल्हासराव व्हरांड्यातच उभे होते. ''काय म्हणाली डॉक्टर?''

विनताने टोपली खाली ठेवली. ''बाबा, ती आईसाठी नाही रडत. वयात आली आहे. बोक्याला हाका मारते.''

ते खुर्चीत बसले. कणी बाहेर आली, त्यांच्या पायाला अंग घासलं आणि फरशीवर लोळली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. परीक्षेच्या पेपरात आपणच काढलेला प्रश्न आपल्याला सुटू नये, तसा चेहरा झाला होता त्यांचा.

''तीस वर्षं शिकवलं मी हे,'' ते म्हणाले.

''डॉक्टर तुमचीच विद्यार्थिनी आहे. समिधा.''

''मागच्या बाकावर बसून डबा खायची ती?'' त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. मग म्हणाले, ''म्हणजे या घरात रडलं कोणीच नाही, विनू.''

नाही बाबा, एवढंच तिला म्हणायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा शब्द आले नाहीत, दुसरंच काहीतरी आलं, आणि ते थांबेना. ती पायरीवरच बसली. उल्हासरावांनी चष्मा काढला, कष्टाने उठले आणि तिच्या शेजारी येऊन टेकले. कणीला या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून आपल्या कामाच्या हाका मारत राहिली.

पुढच्या आठवड्यात कणी शांत झाली. ऑपरेशनच्या सकाळी टोपली उल्हासरावांनीच उचलली. दवाखान्यात समिधा त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, ''रात से कुछ खिलाया तो नहीं, सर?''

''नाही. मी पण नाही खाल्लं काही. हिच्या संगतीने.''

''सर! उपवास फक्त मांजरीचा आहे. दोपहर तक यहाँ आपका कोई काम नहीं. जा, काही खाऊन या.''

दोघं बाहेर आली. कोपऱ्यावर मोठ्या कढईत खोव्याच्या जलेब्या तळत होत्या आणि शेजारी पोह्यांच्या परातीतून वाफा निघत होत्या. उल्हासराव थांबले. टोपली नसल्याने त्यांचे हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करावं हे त्यांना क्षणभर कळेना.

''तुझी गाडी कधीची आहे?''

''रविवारची. पण तुम्ही...''

''जा तू. तिचे टाके बघायला मी आहे नं.'' त्यांनी दुकानदाराकडे बोट केलं. ''भैया, दो पोहा. और जलेबी. गरम वाली देना.''

पहिला घास त्यांनी हळू चावला. दुसरा त्याहून लवकर. विनता आपली प्लेट धरून नुसती बघत राहिली.

''काहून पाहून राहिली?'' ते म्हणाले. ''खा. थंड होते.''