उजव्या बाहीचा डाव

माणसांना एकत्र धरून ठेवणारी जगातली एकमेव गोष्ट म्हणजे लोकर, असं आई म्हणायची. तिचं लोकरीचं दुकान होतं, तेव्हा हे मत निःपक्षपाती धरता येत नाही.

ती गेली तेव्हा माझा स्वेटर अर्धवट होता. पाठ, पुढचा भाग, डावी बाही तयार. उजवी बाही बाकी. ती कोणी विणायची यावरून माझ्या दोन्ही बहिणी तीन आठवडे एकमेकींशी फक्त माझ्यामार्फत बोलत होत्या. धाकटीचा हात थेट आईचा. ताईचं विणकाम मात्र आईने आयुष्यभर उसवलं. शाळेतला एक मफलर तर अकरा वेळा. चूक दिसली की सांगायची आणि सांगितली की उसवायची, हा आमच्या घरचा कायदा होता आणि तो लागू व्हायचा फक्त ताईला. म्हणून तिला ही बाही हवी होती. या खेपेला उसवणारं कोणी नव्हतं.

शेवटी दोघींनी पत्ते काढले.

हे पत्ते आईने आमच्या लहानपणी लोकरीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापले होते. प्रत्येक पत्त्यावर विणीची एकच ओळ. रिकामी चौकट म्हणजे सुलट टाका, ठिपका म्हणजे उलट. खालून वर ओळी लावत जायचं. विणताना ओळ संपली की वीण फिरवतात, म्हणून दर दुसरा पत्ता फिरवून ठेवायचा. बारा ओळींची वीण जिची आधी जमेल, तिने म्हणायचं, "टाके बंद." चुकीच्या विणीवर म्हटलं, तर डाव गेला.

मला पंच केलं. जेवणानंतर कुणाला पंच करू नये.

पत्ते टेबलावर पडत होते, टप, टप, सुया एकमेकींना लागाव्यात तसे. ऊन मेजपोशावरून सरकत होतं. बघता बघता ओळी टेबलाची कड ओलांडून वर चढू लागल्या, राखाडी, मऊ, थेट खिडकीपर्यंत. पडद्याला बाह्या फुटल्या. खुर्च्या मापं द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. त्या रांगेच्या कडेने आई टाके मोजत आली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हात वर कर." मी केला.

"पंच हात वर करून झोपलेत," धाकटी म्हणाली. "आणि टाके बंद."

ताईने चष्मा पुसला. "सहावी ओळ बघ."

"काय झालं तिला?"

"फिरवली नाहीस."

धाकटीने पाहिलं. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही तो पत्ता मीच ठेवला होता. "तुला बरं दिसलं गं."

"अकरा वेळा उसवलंय मला. मला सगळं दिसतं."

डाव ताईचा झाला. तिने माप धरायला डावी बाही मांडीवर उलगडली आणि थांबली. मनगटाच्या पट्टीत, चौथ्या ओळीत, सुलटच्या जागी एक उलट टाका होता. आईचा.

"इथे चूक आहे," कायद्याप्रमाणे ती म्हणाली.

"मग उसव की," धाकटी हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं वाट बघितलीस."

ताई बराच वेळ त्या टाक्यावरून अंगठा फिरवत राहिली. घड्याळही जरा दबकून चालत असावं. मग तिने सुईवर नवे टाके घातले, तीन ओळी विणल्या आणि चौथीत, त्याच जागी, मोजून मापून तीच चूक केली.

"झाली नक्षी," धाकटी म्हणाली आणि लोकरीचा गुंडा मांडीत घेऊन धागा सोडत बसली.

लोकर कोपरापाशी संपली. तो रंग कारखान्याने सहा वर्षांपूर्वीच बंद केला आहे. उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंतच आहे, आणि ती वेगळी घालावी लागते.