फक्त तुलाच सांगतोय

सकाळचे सात वाजले की फेरेतीच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरला दाखवण्यासारखं दुखणं नव्हतं ते. सात वाजता रेडिओवर आसोरा बोलायचा.

"तोएलाऊ मला एकदा म्हणाले होते," आसोराचा तो गुळगुळीत आवाज घरभर पसरला, "आसोरा, पुढाऱ्यानं वेळ पाळावी. तरुण मित्रांनो, हा झाला पाचवा धडा."

"वेळ पाळावी!" फेरेती रेडिओवरच खेकसला. "अरे, जन्मात कधी वेळेवर पोचले नाहीत ते! त्यांच्या उशिरापायी मी तीन गाड्यांची वाट लावली! आणि तुला कधी म्हणाले रे? मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून घोरत असायचास. आरशात दिसायचं मला!"

"त्याला तिकडं ऐकू येत नाही," त्याची बायको सिएनी म्हणाली. नीरफणसाच्या लाकडाच्या बुटक्या खवणीवर बसून ती खोबरं खवत होती. "एवढा त्रास होतो तर बंद कर की."

"बंद कशाला करू? अजून काय काय थापा मारतो ते तरी कळू दे."

रोज ऐकायचं आणि रोज जळायचं. चर्चची घंटा एखाद्या दिवशी चुकली असती, फेरेतीचं जळणं चुकत नव्हतं.

आता हे जळणं अगदीच उगाच होतं असं कुणी म्हणू नये. तोएलाऊ म्हणजे आमच्या फालेसिना गावचे, सबंध सवाई बेटाचे पुढारी. पुढे राजधानीला, अपियाला जाऊन मोठे मंत्री झाले. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांचा फोटो नाही असं घर गावात सापडायचं नाही. फेरेतीनं त्यांची गाडी अकरा वर्षं चालवली. आसोरानं त्यांचे कागद सांभाळले ते मोजून अठरा महिने. आणि आज तोएलाऊंचे शब्द म्हटलं की लोकांच्या तोंडी नाव कुणाचं? आसोराचं! 'तोएलाऊंचे सात धडे' म्हणून त्यानं एक कागद छापला, त्याला प्लॅस्टिक चढवलं, आणि तो कागद शाळेत, दवाखान्यात, बसच्या काचेवर, जागा मिळेल तिथं चिकटला. अपियातल्या हॉटेलांत कोट घालून भाषणं देतो. एकदा ऑकलंडलाही जाऊन आला, विमानानं, फुकट.

आणि धडे तरी कसले! तिसरा धडा म्हणे, 'आधी लोक जेवतील, मग पुढारी.' फेरेती त्या जेवणाला हजर होता. तोएलाऊंचं पोट बिघडलं होतं त्या दिवशी. भाजलेलं डुक्कर समोर आलं तरी त्यांना मळमळत होतं, म्हणून बिचारे "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत राहिले. आसोरानं त्याचा धडा केला! फेरेतीला हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, ड्रायव्हर जळतोय. आणि खरंच जळत होता, तीच तर पंचाईत होती.

पण फेरेतीकडे एक गोष्ट होती. ती आसोराकडे नव्हती, कुणाकडेच नव्हती.

त्याचं असं झालं. मोठ्या वादळात नदीवरचा पूल वाहून गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पूल नाही म्हणून गाडी पाण्यातून न्यायची, ती मधोमध रुतली. आसोरा तेव्हा नोकरीला लागायचाच होता, गाडीत हे दोघेच. तोएलाऊंनी चपला हातात घेतल्या, कमरेला गुंडाळलेला लावालावा गुडघ्यांच्या वर खोचला आणि सरळ पाण्यात उतरून चालू पडले. पिशव्या घेऊन फेरेती मागं. पलीकडच्या काठावर एका खडकावर ते टेकले आणि म्हणाले, "फेरेती, पुढं चालणाऱ्यानं सारखं मागं वळून बघू नये. मागच्यांच्या पावलांचा आवाज ऐकावा. आवाज थांबला, की आपणही थांबावं." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणाले, "हे मी कुणाला सांगितलेलं नाही भावा. फक्त तुलाच सांगतोय."

फक्त तुलाच! फेरेतीनं ते वाक्य सत्तावीस वर्षं जिवापाड जपलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बायकांच्या मंडळात एकदा गेलं की गावभर झालं असतं. मुलगा न्यूझीलंडला गेला आणि त्याचे फोन यायचे थांबले, तेव्हा संध्याकाळची प्रार्थना संपली की तो मनात ते वाक्य म्हणायचा. आसोराची नवी गाडी धूळ उडवत दारावरून गेली की म्हणायचा. "छाप लेका, सात काय सत्तर छाप," असं स्वतःशी पुटपुटायचा. "आठवा माझ्याकडे आहे."

आणि आता तो आठवा बाहेर काढायची वेळ आली होती. गावच्या शाळेला तोएलाऊंचं नाव द्यायचं ठरलं. गुरुवारी नावाच्या दगडावरचं कापड निघणार, त्यांची मुलगी ऑकलंडहून येणार, तीन गावांचे पाहुणे येणार. गावाच्या वतीनं भाषण एकच. ते फेरेतीला मिळालं, तर तोएलाऊंचा खरा माणूस कोण ते सगळ्यांना एकदाचं कळणार होतं. नाही मिळालं, तर फेरेतीला अडुसष्ट पुरी झाली होती. असा गुरुवार त्याच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता.

भाषण कोण करणार हे आमच्याकडे आधी ठरवत नाहीत. गावचे वक्ते, फेरेती आणि आसोरा दोघेही त्यांतलेच, काठी टेकून, खांद्यावर चवरी टाकून मैदानात उभे राहतात आणि पाहुण्यांदेखत आपसात वाद घालतात. वाद कसला, साखरेत घोळलेली मारामारी! तोंडानं दुसऱ्याची स्तुती करायची आणि भाषण मात्र आपल्याकडे ओढायचं. शेवटी एकजण उभा राहतो, बाकीचे बसतात. बसणाऱ्यानं हसत बसायचं असतं. ते सगळ्यांत अवघड.

"आसोराला वाकडं बोलू नकोस," गुरुवारी त्याच्या पाठीला खोबरेल चोळताना सिएनीनं बजावलं. "पाहुणे आहेत."

"वाकडं कशाला? एवढं कौतुक करीन त्याचं, की गुदमरून खाली बसेल."

चौघे उभे राहिले. पहिले दोघे फार म्हातारे होते. त्यांनी चार-चार वाक्यांत रीत पाळली आणि सावलीत जाऊन बसले. मैदानात उरले फेरेती आणि आसोरा.

"हा माझा भाऊ फेरेती," आसोरानं सुरुवात केली. "अकरा वर्षं यानं तोएलाऊंना सुखरूप पोचवलं. इतकं राबलेल्या माणसाला आज या उन्हात उभं करायचं? छे छे! भावा, तू बस. आज तुला कुठं गाडी न्यायची नाही."

लोक हसले. फेरेतीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोही हसला.

"आणि हा माझा भाऊ आसोरा," तो म्हणाला. "रेडिओवर हाच बोलतो, हॉटेलात हाच बोलतो, बसमध्ये बसावं तर काचेवरूनही हाच बोलतो. त्या गळ्याला एक दिवस तरी सुट्टी द्याल की नाही?"

आता हशा दुप्पट झाला. पहिल्या रांगेत तोएलाऊंची मुलगी तोंडापुढे पंखा धरून हसत होती. जमतंय, फेरेतीला वाटलं. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या. आसोराच्या कपाळावर घाम डवरला. अजून एक टोला आणि हा बसणार!

तेवढ्यात आसोरानं काठी जमिनीवर आपटली.

"माझे सात धडे सगळ्यांना पाठ आहेत," तो म्हणाला. आवाजातला गुळगुळीतपणा कुठल्या कुठं गेला होता. "आठवा मी कधी छापला नाही. रेडिओवर बोललो नाही. बायकोपोरांनाही सांगितला नाही. तोएलाऊंनी तो मला एकट्याला दिला होता, ऑफिसचं दार लावून. तो आज त्यांच्या दगडासमोर बोलायचा आहे, म्हणून मला हे भाषण हवंय. ते म्हणाले होते, पुढं चालणाऱ्यानं सारखं मागं वळून बघू नये..."

पुढचे शब्द फेरेतीच्या ओठांवर आपोआप आले.

"मागच्यांच्या पावलांचा आवाज ऐकावा," आसोरा म्हणत होता, "आवाज थांबला..."

"की आपणही थांबावं," गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं.

सगळ्यांच्या माना वळल्या. म्हातारा पिलिपो होता, पूर्वी पोलिसात असलेला. बोलून तो स्वतःच दचकला होता. "मला... मला म्हणाले होते ते," तो चाचरत म्हणाला. "धक्क्यावर, बोटीची वाट बघताना. म्हणाले, फक्त तुलाच सांगतोय."

"तुला?" पाद्रीबाबा खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, मला म्हणाले होते!"

मग काय विचारता! इकडून एक हात वर, तिकडून एक. दवाखान्यातली नर्स, बसवाला, तोएलाऊंचा जुना स्वयंपाकी. फेरेतीच्या शेजारी राहणाऱ्या चिडक्या सोलोमोनानं तोएलाऊंना जन्मात मत दिलं नव्हतं. त्याचासुद्धा हात वर! पहिल्या रांगेत मुलीच्या हातातला पंखा खाली पडला. "मला विमानतळावर सांगितलं होतं," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

फेरेतीनं आसोराकडे बघितलं. आसोराचं तोंड उघडं पडलं होतं, मागच्या सीटवर असायचं अगदी तसंच. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. तोही बिचारा इतकी वर्षं तेच वाक्य उराशी धरून बसला होता. त्यानं चवरी खांद्यावरून काढली, फेरेतीकडे न बघता "भाषण तुझं" एवढंच म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला. हसायचं असतं हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

भाषण मिळालं! आणि बोलायचा होता तो आठवा तर सगळ्यांचाच निघाला होता. त्याला सरळ घरी निघून जावंसं वाटलं. पण माणसं बघत होती. तेव्हा सुचेल ते तो बोलत सुटला. तोएलाऊ कसे सदा उशीर करायचे, मग "हाण फेरेती, हाण" म्हणून कसे ओरडायचे. गाडीत एकच प्रार्थनागीत म्हणायचे, तेही बेसूर, शब्द चुकवून. त्या बिघडलेल्या पोटाचंही सांगून टाकलं. लोक पोट धरधरून हसले आणि मग पुष्कळांना रडू आलं. असं भाषण गावात झालं नव्हतं असं नंतर सगळे म्हणत होते.

फेरेतीला त्याचं काही सुख लागलं नाही. बोलता बोलता तो एकेक चेहरा बघत होता. ह्याला सांगितलं होतं. हिलाही सांगितलं होतं. आजवर जळायला एक आसोरा पुरत होता. आता सगळ्या गावावर जळायचं म्हटल्यावर एकट्या माणसानं करायचं किती?

दुपारी घरी येऊन त्यानं चवरी कोपऱ्यात भिरकावली. सिएनीनं नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि गरम कोको त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः खवणीवर बसली.

"जेव की म्हाताऱ्या. एवढं छान बोललास."

"सगळ्या गावाला सांगितलं होतं त्यांनी!" फेरेती म्हणाला. "सगळ्या गावाला! नदीत गाडी रुतली तेव्हा मला म्हणाले, फक्त तुलाच. वादळाच्या पुढच्या वर्षी. आणि मी मूर्ख, मी..."

सिएनी खाली वाकून चटईचा धागा ओढायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई अशी गप्प बसल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्यानं मान वर केली.

"तू हात वर केला नव्हतास ना?"

"नाही केला."

"म्हणजे?"

"म्हणजे केला नाही, एवढंच." ती चटईचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. "एकदा इथं आले होते. तू पुढं गाडी धूत होतास. मागं नीरफणसाच्या झाडाखाली बसले, मी कोको दिला. कप ठेवला आणि म्हणाले. तेच. फक्त तुलाच सांगतोय म्हणाले."

"आणि इतकी वर्षं मला बोलली नाहीस?"

"तुला लागलं असतं. रात्रंदिवस त्यांच्याबरोबर तू, आणि एका कपापायी सांगितलं ते मला. म्हणून गप्प बसले." मग ती एकदम उसळली. "आणि तू रे? तू तरी कुठं सांगितलंस मला?"

फेरेती कोको पीत राहिला. एक गोष्ट मात्र त्याला आतून कुरतडत होती. विचारायची लाज वाटत होती, तरी राहवेना.

"तुला कधी म्हणाले?" त्यानं कपात बघत विचारलं. "वादळाच्या आधी, का नंतर?"

सिएनीनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"नंतर," ती म्हणाली. "पुष्कळ नंतर."

"म्हणजे आधी मला."

"आधी तुलाच."

फेरेतीनं मान हलवली. मागचं ते एकुलतं एक नीरफणसाचं झाड त्या मोठ्या वादळाच्याच रात्री आडवं झालं होतं. त्यानं स्वतः ते करवतीनं कापलं होतं, आणि त्यातल्या बऱ्या फळीची बायकोसाठी खवणी केली होती. सिएनी आत्ता त्याच खवणीवर बसली होती.

"अजून थोडा दे," तो म्हणाला आणि त्यानं कप पुढं केला.