तक्त्यावरचं नाव

समाजशास्त्राच्या मॅडम वर्गात पुस्तक क्वचितच उघडायच्या. काखेत त्या दिवसाचं वर्तमानपत्र घेऊन यायच्या, एखादी बातमी मोठ्यानं वाचायच्या आणि विचारायच्या, "ही तुमच्या घरी कुणी सांगितली? कोणत्या शब्दांत?" दवाखान्याच्या बाकावर कोण कुणाला जागा देतं, दुकानात कुणाला उधार न मागताही मिळतं, असलं सगळं मुलं वहीत टिपून आणायची. इतर प्राध्यापक थट्टा करायचे, "तुमचा विषय म्हणजे चहाड्यांना मार्क देणं." मॅडम हसून सोडून द्यायच्या. मुलं तास बुडवत नव्हती, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्या महिन्यात बातमी पाण्याची होती. कॉलेजच्या आसपासच्या वस्तीत नळाच्या पाण्यानं साठेक माणसं आजारी पडली होती आणि दोन लहान मुलं दगावली होती.

मॅडमनी काम दिलं. पाण्याबद्दल जे वाक्य कानावर पडेल ते जसंच्या तसं लिहायचं. कुणाकडून ऐकलं, तेही. पण कुठंच कुणाचं नाव नको, नातं किंवा धंदा पुरे.

वर्गात काडीसारखी बारीक एक मुलगी होती, सगळे तिला पेन्सिल म्हणत. तिचं अक्षर सुरेख होतं. मोठ्या कागदावर तिनं तक्ता आखला: वाक्यं चौकोनात, आणि एकातून दुसरं कसं निघालं ते दाखवणारे बाण.

सोमवारी सगळ्यांच्या वहीत एकच वाक्य होतं, "पाणी खराब आहे." मंगळवारी दूधवाल्याकडून आलं, "पाणी खराब झालेलं नाही, केलंय." बुधवारी कुणाच्या तरी मावशीनं म्हटलं होतं, "टाकीपाशी एकजण दिसला होता." मॅडम खूश होत्या. गेली कित्येक वर्षं त्या जे फळ्यावर शिकवत होत्या, ते मुलांच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

गुरुवारी वाक्यात माणूस आला. "मागच्या गल्लीतला मास्तर."

मास्तर म्हणजे शिंपी; गल्लीत त्याला दुसरं नावच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी बाहेरून येऊन त्यानं टाकीच्या भिंतीला लागून दुकान थाटलं होतं. बायको काजं-बटणं करायची, तो मशीनवर. टाकी भरून वाहिली की पाणी दुकानात शिरायचं, म्हणून तो पायऱ्या चढून झडप बंद करून यायचा. टाकीच्या रखवालदारानंच त्याला तसं सांगून ठेवलं होतं. त्याला झडपेपाशी पाहिलेली माणसं खोटं बोलत नव्हती.

मॅडमना तिथंच थांबायला हवं होतं. कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचा नवरा पाणीखात्यात ओव्हरसियर होता. आठवड्यापूर्वी जेवताना त्यानंच सांगितलं होतं, की गटाराशेजारची मोठी पाइप फुटलीय आणि घाण आत ओढली जातेय. अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी तो दाबला होता.

"वर्गात बोलू नकोस," तो म्हणाला होता. "माझे हात दगडाखाली आहेत."

त्या बोलल्या नाहीत. आपण पाइप शिकवत नाही, वाक्य शिकवतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. शुक्रवारी तक्ता पुरा झाला. तीस-पस्तीस बाण एका चौकोनात येऊन मिळत होते आणि त्यात पेन्सिलच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "मास्तर". अफवेला पाय कसे फुटतात, ते मॅडमनी तासभर समजावलं. नाव लिहायचं नाही हा नियम आपणच घातला होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मुलांनी तक्त्याचे फोटो काढले.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचा दीर वर आला आणि त्यानं फोन पुढे केला.

"वहिनी, तुमच्या कॉलेजनं बरं शोधून काढलं."

फोटो तोच होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'कॉलेजच्या सर्वेक्षणात नाव निघालं.'

"अरे, हे उलटं आहे," मॅडम म्हणाल्या. "हे खोटं कसं पसरतं त्याचं चित्र आहे."

"असेल. पण आगीशिवाय धूर निघत नाही." त्यानं फोन खिशात घातला. "सगळे तिकडेच चाललेत."

मॅडमनी पायात चपला सरकवल्या. पाण्याच्या गडबडीमुळे नवरा रविवारीही कामावर गेला होता. मास्तरच्या गल्लीच्या तोंडाशी पेन्सिल उभी होती. "फोटो मी फक्त आईला पाठवला होता," ती म्हणाली. मॅडमनी तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

आरडाओरडा असता तर बरं वाटलं असतं. दुकानासमोर शंभरेक माणसं नुसती उभी होती. त्यात वाणी होता, कंपाउंडर होता, मॅडमच्याच दोन जुन्या विद्यार्थिनी होत्या. आत मास्तर मशीनवर बसून एका गणवेशाची शिवण घालत होता, जणू बाहेर गिऱ्हाइकांचीच रांग आहे. त्याची बायको दाराआड उभी राहून कात्री, फिती, रिळं पिशवीत भरत होती.

मॅडम पायरीवर चढल्या. त्यांनी तक्ता समजावून सांगितला. वर्गात सांगत त्याहून सोप्या शब्दांत सांगितला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्याचंच नाव का आलं?" दूधवाल्यानं विचारलं. "माझं का नाही आलं?"

"कारण तो बाहेरचा आहे. कारण तो टाकीजवळ राहतो."

"तेच तर आम्ही म्हणतोय."

"पाइप फुटलीय," मॅडम म्हणाल्या. "गटारापाशी. अहवाल झालाय त्याचा."

"कोण म्हणतं?"

"माझे मिस्टर."

"लावा त्यांना फोन. सगळ्यांना ऐकू द्या."

त्यांनी लावला, आवाज मोठा केला. नवऱ्याच्या मागे ऑफिसातली माणसं बोलत असल्याचं ऐकू येत होतं. मॅडमनी पाइपचं विचारलं. मग तो म्हणाला, "मला याबद्दल काही माहिती नाही," आणि फोन बंद झाला.

कुणी हसलं नाही की टोमणा मारला नाही. फक्त पुढची रांग एक पाऊल दुकानाकडे सरकली.

मास्तरनं शिवण पुरी केली, दातानं दोरा तोडला आणि गणवेशाची घडी घालून फळीवर ठेवली. "बाई, तुम्ही खाली उतरा," तो मॅडमना म्हणाला. "उगाच लागेल तुम्हाला." मग गर्दीकडे न बघता त्यानं बायकोला सांगितलं, "टेंपो बोलव."

सामान भरायला तासभर लागला. कुणी हात उगारला नाही. उलट मशीन जड होतं, तेव्हा कंपाउंडर आणि वाणी पुढे झाले आणि ते उचलू लागले. मास्तरची बायको पुढच्या सीटवर बसली. तिनं मॅडमकडे पाहिलं, रागानं नाही. तोंडपाठ करून ठेवावं तसं पाहिलं.

मंगळवारी भर दुपारी पाणीखात्याची माणसं आली, गटारापाशी खणलं, पाइप बदलली आणि माती ढकलून गेली. दोन दिवसांत नळाला स्वच्छ पाणी आलं.

"बघा वहिनी," दीर म्हणाला, "तो गेला आणि पाणी सुधारलं."

त्या रात्री नवरा ताटावर बसला पण जेवला नाही. "साहेब समोर बसले होते," एवढंच म्हणाला. मॅडमनी ताट उचललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, पाइपचं आणि स्वतःच्या चुकीचं, खाली स्वतःच्या सहीनिशी. पत्र छापून आलं, आतल्या पानावर. प्राचार्यांनी बोलावून समज दिली. मास्तर कुठे गेला याचा मॅडमनी खूप तपास केला, टेंपोवाल्यालाही गाठलं. त्यानं बसस्थानकापर्यंतचंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर पेन्सिल थांबली. वर्ग रिकामा होईपर्यंत ती वही चाळत राहिली.

"काय गं?"

"मॅडम, एक नवं वाक्य ऐकलं. तुमच्याबद्दल आहे. म्हणजे सरांबद्दल."

"सांग."

"पाइप फुटल्याचं त्यांना आधीच कसं कळलं, असं विचारतात लोक. म्हणतात, पाण्याच्या चाव्या त्यांच्याच हातात असतात."

"कुणाकडून ऐकलंस?"

पेन्सिलनं मान खाली घातली. "सगळ्यांकडूनच," ती म्हणाली.

मॅडमनी टेबलावरची पर्स घेतली आणि नेहमीच्या रस्त्याऐवजी मागच्या फाटकानं बाहेर पडून नवऱ्याच्या ऑफिसची वाट धरली. अर्ध्या वाटेवर त्या चक्क धावू लागल्या.