असोद्याच्या बागेतला फुकट कार्यक्रम

फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण ते खाण्यापुरतं. गाण्याबजावण्याचा कार्यक्रम फुकट ठेवला की जळगावकरांना वाटतं, यात काहीतरी खपवायचं असणार. भांडी तरी, नाहीतर उमेदवार तरी. तरीही दोन वर्षं मी दर महिन्याला फुकटच करते. तिकीट नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. ज्याला रुचेल त्याने बसावं. आणि लोक उठतात हो! दहाव्या मिनिटाला चपला शोधायला लागतात.

कारण आमचा बुद्धभूषण वाजवतो त्याला गाणं म्हणायला लोक तयार नाहीत. दोंडाईच्याहून रेल्वेने येणारा हा पठ्ठ्या पत्र्याला, डाळीच्या चाळणीला, पाइपाला बारीक माइक लावतो आणि त्यांचे आवाज मोठे करून ऐकवतो. ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या नवऱ्याला झोप येते.

त्या रविवारी त्याने आल्याआल्या सांगितलं, "ताई, धुळाना डीजेवाला शेठले पाच वाजता सांगनं शे. आज दहा मानसं शेवटलोंग बसनात तं मी आठेच ऱ्हास. नही तं पुरे."

दहा माणसं! दोन वर्षांत सातच्या वर कोणी शेवटपर्यंत टिकलं नव्हतं. त्याने इथे राहायचं सोडून धुळ्याला डीजेची नोकरी धरली की आमचे कार्यक्रम संपले, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला त्याचा रागच आला. "बसवून दाखवते," मी म्हटलं.

कार्यक्रम जळगावजवळच्या असोद्याला, पुष्पाबाईंच्या केळीच्या बागेत होता. पंप सुरू करायचा, ठिबकच्या नळ्यांतून पाणी धावू द्यायचं आणि नळ्यांना माइक लावून त्याचा आवाज बॅटरीच्या स्पीकरवर ऐकायचा. आदल्या रविवारी करून पाहिलं होतं, झकास झालं होतं. चार वाजता गावातली आणि जळगावची मिळून एकोणीस माणसं केळीच्या पानांवर बसली. बुद्धभूषणने पंपाचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं.

"लाइट कुठली आता?" पुष्पाबाई म्हणाल्या. "आठोडा पालटला ना. आता रातची लाइट."

शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे असोद्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाइपाच्या दुकानात बारा वर्षं बिलं फाडणाऱ्या मला ते सुचलं नाही.

"अक्का, आधी सांगायचं ना!" मी पुष्पाबाईंना म्हटलं.

"मले कोनी ईचारलं व माय? गान्या-बजावन्याची मानसं जनरेटर घिऊन येता. मले वाटलं तुमी बी आनसान."

मागच्या रांगेतले दोघं उठले. तिसऱ्याने चपलेत पाय घातला. बुद्धभूषण वायर गुंडाळायला लागला. मी त्याच्या हातातून वायर हिसकावून घेतली. "पाच वाजले नाहीत अजून," मी ओरडले. पण पुढे काय, हे मलाही कळत नव्हतं. वायर तेवढी पुन्हा स्पीकरला जोडली.

तेवढ्यात पुष्पाबाईंनी एका नळीचं दुमडलेलं टोक सोडलं, पदराने पुसलं आणि तोंडात धरून जोरात फुंकलं. छिद्रं तुंबली की इकडे सगळे असंच करतात. "पानी नाही तं हवा जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

स्पीकरमधून घुमत आवाज आला. म्हैस हंबरावी तसा, पण लांबच लांब. उठलेले दोघं तिथेच थांबले. मग हसत खाली बसले आणि त्यांनीही एकेक नळी सोडली. नळी फुंकायची कशी, हे त्या गावात कोणाला शिकवायला नको होतं. जळगावच्या मंडळींना गावातल्या बायकांनी शिकवलं. बुद्धभूषण धावत नळ्यांना पाणी सोडायच्या कॉकपाशी गेला. दोन्ही हातांनी कॉक उघडत, बंद करत तो एकोणीस जणांचा श्वास इकडून तिकडे फिरवू लागला. आवाज बारीक व्हायचा, मग अख्ख्या बागेतून उठायचा. कोणी थांबायला तयार नव्हतं. गाल दुखले तरी नाही.

पाच वाजता त्याचा फोन वाजला. त्याचे हात गुंतलेले, म्हणून मी तो त्याच्या खिशातून काढला. शेठचं नाव बघून फोन बंद करावा असं मला फार वाटलं. केला नाही. त्याच्या कानाशी धरला.

"शेठ, मी येत नही," तो ओरडला. आवाजात बोलणं ऐकू जाईना, म्हणून पुन्हा ओरडला, "आठे बठ्ठा बठेल शेतस!"

खरंच, सगळे बसलेले होते, एकही गेला नव्हता. मी सगळ्यांदेखत रडले. लाज वाटली नाही. मग डोळे पुसले आणि एक नळी सोडली.